बिननावाचं बटण

माझ्या डाव्या बाजूचा मऊ फोम केव्हाच झडून गेला आहे आणि वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. म्हणून मित्रांनो, मला ओळखायला थोडा वेळ लागला तरी हरकत नाही. मी हेडफोन आहे. माझी गोष्ट तशी लहानच, पण सांगताना आजही मान खाली जाते. चूक माझी नव्हती. पण ज्यांच्या डोक्यावर बसून मी आयुष्य काढलं, त्यांची लाज थोडीफार माझ्यातही मुरली आहे.

एका कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. कुणी चुंबक बसवला, कुणी वायर जोडली. शेवटी एका बाईने मला स्वतःच्या कानांना लावून पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. पुढे दुकानाच्या काचेत टांगलेला असताना मला वाटायचं, आपल्या नशिबी गाणी असणार. रोज नवं गाणं!

मला विकत घेतलं ते कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी, आपल्या नवऱ्यासाठी. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत नोकरीला होता. ऑफिसात सगळे त्यांना 'भाऊ' म्हणत. कोणत्या इमारतीची लिफ्ट बिघडली, तिथे कोणत्या मेकॅनिकला धाडायचं, आधी कुठे आणि नंतर कुठे, ही सगळी आखणी भाऊंची. काम चोख, बोलणं मोजकं. पण चाळिशी उलटली आणि त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. कडेचं थोडंफार दिसे, पण जिकडे बघावं तिथे नेमकं धुकं. माणसाचे खांदे दिसायचे, चेहरा नाही. कॉम्प्युटरचा पडदा दिसायचा, अक्षरं नाहीत.

त्यांनी ही गोष्ट ऑफिसात कुणाला सांगितली नाही. कॉम्प्युटरमध्ये स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम बसवून घेतला. पडद्यावर जे असेल ते तो मोठ्याने वाचून दाखवतो. भाऊ बाणांची बटणं दाबत पुढे सरकत, आणि तो आवाज माझ्यातून त्यांच्या कानात उतरे.

"लोकांना वाटेल, गाणी ऐकताय," बाईंनी मला त्यांच्या डोक्यावर चढवत म्हटलं होतं.

लोकांना तसंच वाटलं. मेकॅनिक जाता जाता विचारायचे, "काय भाऊ, आज कोणतं गाणं?" भाऊ म्हणायचे, "जुनंच." आणि माझ्यात तर तो आवाज तव्यावर लाह्या फुटाव्यात तशा वेगाने तक्रारी वाचत असे. भाऊंना त्या वेगाचा सराव झाला होता. तिसऱ्या मजल्यावर दार अडकतंय, पंखा बंद, घंटा वाजत नाही. मला गाणी मिळाली नाहीत, पण मी कामाला येत होतो. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस.

मग ऑफिसात कामाच्या आखणीसाठी नवं सॉफ्टवेअर आलं. पडद्यावर तीन रकाने: 'नवीन', 'आज', 'झालेली'. प्रत्येक तक्रारीचं एक कार्ड. डोळस माणसं ते कार्ड माउसने धरून एका रकान्यातून दुसऱ्यात ओढायची. भाऊंना ते जमणारं नव्हतं. कार्डावर तीन छोटी बटणं होती, पण त्यांवर नुसती चित्रं. नाव एकालाही नव्हतं. त्यामुळे स्क्रीन रीडर बिचारा एवढंच म्हणे, "बटण. बटण. बटण."

भाऊंनी खूप चाचपडून शोधून काढलं, की दुसरं बटण दाबलं की कार्ड 'आज'मध्ये जातं. ते त्यांनी पाठ करून टाकलं. एका सकाळी सॉफ्टवेअर स्वतःहून बदललं आणि बटणांची जागा फिरली. पडद्याकडे बघणाऱ्यांना ते लगेच कळलं. माझ्यातून मात्र तोच आवाज, तोच शब्द आला. "बटण." भाऊंनी दाबलं. कार्ड 'झालेली'मध्ये जाऊन बसलं.

ते कार्ड होतं एका इमारतीतल्या अधेमधे अडकणाऱ्या लिफ्टचं. मेकॅनिक गेलाच नाही. दुपारी एक निवृत्त शिक्षिका त्या लिफ्टमध्ये अडकल्या. आतली घंटा बंद होती. बऱ्याच वेळाने शेजाऱ्यांना त्यांचं दार बडवणं ऐकू आलं. बाहेर काढल्यावर त्यांना धड उभंही राहवेना.

इमारतीतली माणसं चिडून ऑफिसात आली. मॅनेजरने पडद्यावर तो तीन रकान्यांचा बोर्ड उघडला. "कार्ड तर बंद केलेलं दिसतंय. कुणी केलं?"

सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांचं खातं एकच होतं, त्यामुळे कुणी केलं ते कळायला मार्ग नव्हता. तक्रारींचे फोन घेणाऱ्या ताईंनी ते कार्ड बनवलं होतं. सगळ्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. ताई वयाने भाऊंपेक्षा मोठ्या, ऑफिसात सर्वांत जुन्या. भाऊंनी तोवर कार्ड शोधलं होतं, ते कुठे गेलं आणि कसं गेलं हे त्यांना पुरतं कळलं होतं. त्यांच्या कानशिलाची शीर माझ्याखाली धडधडत होती. मला वाटलं, आता बोलतील. भाऊ बोलले नाहीत. ताईंच्या माथी खापर फुटलं.

पण मित्रांनो, याहून वाईट पुढेच घडलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताई भाऊंच्या टेबलाशी आल्या. मी भाऊंच्या गळ्यात लटकत होतो.

"भाऊ, खरं सांगा. तुम्ही दिवसभर बोर्ड बघता. मी अशी चुकते का हो? मला तर ते कार्ड बंद केल्याचं आठवतच नाही. डोकं काम देईनासं झालंय की काय, या विचाराने झोप नाही मला."

भाऊ म्हणाले, "घाईगडबडीत होतं कधी कधी, ताई."

"होत असेल," ताई म्हणाल्या. "तुम्ही म्हणताय म्हणजे होत असेल."

त्या संध्याकाळी भाऊंनी घरी मला टेबलावर ठेवलं नाही, हातातच धरून बसले. बाई शिवणयंत्रावर होत्या. भाऊंनी सगळं सांगितलं. यंत्र थांबलं.

"मी तुम्हाला हे डोक्यावर घालायला दिलं," बाई म्हणाल्या, "तोंडावर बांधायला नाही."

भाऊ त्या रात्री जेवले नाहीत.

त्या आठवड्याच्या बैठकीत मॅनेजरने जाहीर केलं, की ताईंना फोनवरून काढून सुट्या भागांच्या गोदामात पाठवायचं. ताईंनी नुसती मान हलवली. तेव्हा भाऊ उठले. त्यांनी माझी पिन कॉम्प्युटरमधून उपसली आणि आवाज मोठा केला. सगळ्या खोलीत लाह्या फुटायला लागल्या. एक मेकॅनिक हसला, "हे हो कसलं गाणं?"

"हेच ऐकतो मी रोज," भाऊ म्हणाले. त्यांनी एक कार्ड उघडलं. खोलीभर आवाज घुमला. "बटण. बटण. बटण."

"यातलं कोणतं कार्ड बंद करतं, सांगा पाहू पडद्याकडे न बघता. मलाही सांगता येत नाही. मला पडदा दिसत नाही. ते कार्ड माझ्या हातून बंद झालं. ताईंचा काही संबंध नाही."

मॅनेजरने विचारलं, "कधीपासून?"

"दिसत नाही ते, की गप्प बसलोय ते?"

"दोन्ही."

भाऊंनी दोन्ही सांगितलं. मी टेबलाच्या कडेला लोंबकळत होतो, माझ्यातून काहीच येत नव्हतं.

ताईंनी पर्स उचलली आणि त्या घरी निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आपल्या जागेवर परत आल्या. भाऊ माफी मागायला गेले तेव्हा म्हणाल्या, "चुकलात ते डोळ्यांमुळे, ते समजलं मला. पण मी विचारायला आले होते, तेव्हा डोळे कुठे लागत होते?"

भाऊंची नोकरी टिकली. ते स्वतः त्या शिक्षिकेच्या घरी जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही, त्या दिवशी त्यांनी मला सोबत नेलं नव्हतं. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करायचं काम ताईंनी अंगावर घेतलं. रोज सकाळी, अत्यंत गोड आवाजात, "नमस्कार, आमच्या बटणांना नावं ठेवलीत का?" भाऊ आभार मानायला लागले तर म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाही करत. पुन्हा कुणाचं माझ्यावर यायला नको." शेवटी ती माणसं कंटाळली आणि एके दिवशी स्क्रीन रीडर म्हणाला, "आज करायचं. झालं. काढून टाका." भाऊंनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं.

आता लपवायचं काही उरलं नाही, म्हणून त्यांनी एका कानाचा छोटा हेडफोन घेतला. दुसऱ्या कानाने त्यांना माणसं ऐकू येतात. मी टेबलाच्या खणात असतो. खण उघडा राहिला की बाहेरचं ऐकू येतं. ताई आता भाऊंशी नीट बोलतात, कधी थट्टाही करतात. फक्त एक गोष्ट राहून गेली आहे. कार्ड बंद केलं की त्या आजही हाक मारतात, "भाऊ, बघा हो, बरोबर केलं ना मी?" पूर्वी त्या कधीच विचारत नव्हत्या. भाऊ हातातलं काम सोडून कार्ड ऐकतात आणि म्हणतात, "बरोबर आहे, ताई." मग थोडा वेळ त्यांची बोटं चालत नाहीत.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्ही कुणाच्या वापराची वस्तू बनवाल, तर तिच्या प्रत्येक बटणाला नाव द्या, न बघणाऱ्यालाही कळेल असं. आणि कुणी तुमच्याजवळ येऊन विचारलं, "चूक माझी होती का?" आणि ती तुमची असेल, तर त्याच क्षणी सांगा. आठवडाभराने सांगितलंत तर चूक निस्तरते. पण त्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास परत आणायला फार उशीर झालेला असतो.