टकटकणारा डबा

दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आमच्या हॉलमध्ये उभं राहायला जागा नाही. टेबलावर बाबांनी बनवलेला काळा डबा मध्येच टक् करायचा, की आत्म्यांशी बोलणारे बुवा गर्दीला सांगायचे, "ऐका, कसे बोलतायत."

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. ते डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेत तंत्रज्ञ होते. अवकाशातून आलेला एखादा कण हवेवर आदळला की त्यातून लाखो कणांची सर खाली कोसळते. ती टिपायला तिथे पाण्याच्या तीनशे टाक्या मांडल्या आहेत. घरचा डबा त्यांनी हौसेने केलेला. त्यातून कण आरपार गेला की टक्.

बुवांची रीत सोपी होती. प्रश्न विचारला की ते आवाहन म्हणत. ते संपायच्या आत टक् झालं तर बाबांचा होकार, नाहीतर नकार.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेऊ ना?" आईने विचारलं. सोमवार ठरला होता. आणखी लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

बुवांनी आवाहन एका दमात उरकलं. डबा गप्प.

"नको म्हणतायत. आता मी दिलेल्या डोळ्यांच्या थेंबांचं विचारा."

या वेळी बुवांना सूर सापडला. हेल काढत, श्वास घेत, तीच ओळ घोळवत राहिले, टक् होईपर्यंत. शेजारच्या काकूंनी डोळे पुसले.

काकूंना हसायचा मला अधिकार नव्हता. आदल्याच आठवड्यात, घरी कुणी नसताना, मीही त्या डब्याला हाक मारली होती. टक् झालंही होतं.

मी कपाटातून बाबांचा दुसरा डबा काढून शेजारी ठेवला. "आता विचारा."

"दोन कशाला?"

"बाबांच्या कामावर एकट्या टाकीचं कुणी ऐकत नसे. बाकीच्या टाक्यांनी त्याच क्षणी साथ दिली, तरच सर आली म्हणायचे."

"आत्म्याला अटी चालत नाहीत."

"यांना चालायच्या," आई म्हणाली. "त्या अटींपायीच तीस वर्षं रोज उशिरा घरी आले."

पुन्हा आवाहन झालं. डावा डबा वाजला, उजवा गप्पच.

"म्हणजे हो की नाही?" मागून कुणीतरी विचारलं.

"अर्धवट हो," दुसऱ्याने सांगितलं, आणि हॉल हसला.

मी घड्याळ पुढे केलं. "ऑपरेशनला आवाहन तीन सेकंद, थेंबांना एकोणीस. डबा कधी दोन सेकंदांनी वाजतो, कधी वीस. वाट बघितली की होकार, घाईने आटपलं की नकार."

"जिथे श्रद्धा नाही तिथे—"

"अहो, राहू द्या," आई म्हणाली. "यांनी मला जन्मात एका शब्दात उत्तर दिलं नाही. आधी म्हणायचे, आकडे बघू." तिने थेंबांची बाटली बुवांच्या पिशवीत नीट उभी ठेवली आणि माझ्याकडे वळली. "सोमवारी किती वाजता निघायचं?"

गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा ऐकावासा वाटतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तो ऐकवणारा कुणी भेटलाच, तर तो प्रत्येक उत्तरासाठी किती वेळ थांबतो ते मोजा. आणि औषध डॉक्टरांकडूनच घ्या.