आईनं न सांगता उठायचं

मैलूरची तेजश्री नुकतीच पीएचडीला लागलेली. आई नजरेआड झाली की लेकरू काय करतं, हे बघायला ती हुलसूरजवळच्या माझ्या अंगणवाडीत आली. रीत सोपी होती. आईनं लेकराला खेळात गुंतवायचं, न सांगता बाहेर जायचं आणि बोलावलं की परत यायचं.

पहिली आली धनलक्ष्मी, दोन वर्षांच्या रेणूला घेऊन. ही पोर आईचा पदर सोडत नव्हती. तेजश्रीनं चावीचं माकड नाचवलं. रेणूनं टाळ्या वाजवल्या, पदर सुटला आणि धनलक्ष्मी उठून गेली. थोड्या वेळानं पोरीनं मागं बघितलं आणि जो टाहो फोडला, तो ऐकून माझ्या हातातली खिचडीची पळी पडली. तेजश्री मात्र भराभर लिहीत होती.

"अगं, बोलाव की आता तिच्या आईला!" मी ओरडले.

दार उघडलं तर उंबऱ्यावर धनलक्ष्मीची सासू अंबुबाई बसलेली. "कुनाला बोलवायलाव? ती गेली हैदराबादच्या बसनं, नवऱ्याकडं, बांधकामावर. दोनदा निघाली व्हती, पोरगी सोडंना. तुमीच म्हनलाव न्हवं, न सांगता जा म्हनून?"

तेजश्रीनं वही मिटली. मला वाटलं, आता ही गाशा गुंडाळेल.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडी उघडायच्या आधीच चार आया लेकरं काखेत घेऊन दारात उभ्या होत्या. "बाई, आमच्या लेकराचं बी करा की. आजच पुण्याला जायचंय."

मी तेजश्रीकडं बघितलं. तिनं पिशवीतून माकड काढलं आणि चावी भरली.