येडशीच्या रानातली खाजकुयली

येडशीच्या रानात शिरल्यापासून समदभाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. लोहाऱ्याच्या शिक्षिका झाडं बघायला आल्या होत्या. जीप समदभाईंची आणि झाडं दाखवणारी त्यांचीच लेक, युसरा. तिला गडचिरोलीच्या जंगलात झाडांच्या पाहणीची नोकरी चालून आली होती आणि होकार की नकार, ते आज संध्याकाळी कळवायचं होतं. "अब्बा, आधी मला रानात बघा, मग बोला," एवढंच ती म्हणाली होती.

बघणार काय, कपाळ! ती मेढशिंगीचं झाड दाखवायची तेव्हा हे बायका मोजायचे. ती धावड्याच्या खोडावरून हात फिरवायची तेव्हा ह्यांना जिथंतिथं सापच दिसायचे. एखादी बाई मागं राहिली की स्टँडवर पॅसेंजर बोलवायची सवय उफाळून यायची, "चला, लोहारा, लोहारा!" आणि युसरा लाजून खाली बघायची.

वळणाआड सगळ्या दिसेनाशा झाल्या तेव्हा तर त्यांनी वाटच सोडली. झुडपातून आडवे घुसले. मधे आलेला वेल दोन्ही हातांनी बाजूला सारला. त्याला सोनेरी, मखमली शेंगा लगडल्या होत्या. काच पुसायचं फडकं खांद्यावर होतंच, त्यानं त्यांनी हात पुसले आणि मग सवयीनं मानही.

ती खाजकुयली होती. वाटेवर येईपर्यंत अंगाची आग आग झाली.

"खाजवू नका अब्बा. पाणी लावू नका. बसा खाली," युसरा म्हणाली. वाटेवरचं ओलं शेण आणून तिनं त्यांच्या हातांना, मानेला जाड थापलं. ती जराही गडबडली नाही. आपल्यावाचून हिचं काही अडणार नाही, हे समदभाईंना कळलं आणि ते खाजेपेक्षा जास्त झोंबलं.

तसल्या हातांनी गाडी चालवणं शक्यच नव्हतं. युसराला गाडी त्यांनीच शिकवली होती, पण पॅसेंजर भरलेली जीप कधी हाती दिली नव्हती.

"किल्ली खिशात हाय. काढून घे," ते तोंड फिरवून म्हणाले.

शेजारी बसून ते नसलेला ब्रेक दाबत राहिले. डांबरी रस्त्याला लागल्यावर रेंज आली आणि युसराचा फोन वाजला.

"गडचिरोलीचा हाय. काय सांगू, अब्बा?"

"तू फुडं बघून चालव." हात शेणानं माखलेले, म्हणून समदभाईंनी मागं बसलेल्या शिक्षिकांपैकी शिवकांता मॅडमना फोन स्वतःच्या कानाशी धरायला लावला.

"मी युसराचा बाप बोलायलोय. यायलीय ती." जरा थांबून त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, तिकडं खाजकुयली हाय का हो?"