उकाड्यात येणारे भूत

मी एक जुना फ्रीज आहे. माझ्या दाराचे रबर सैल झाले आहे, एका अंगाला गंज चढला आहे आणि कंप्रेसर सुरू होताना मी असा हादरतो की डोक्यावरचे स्टीलचे डबे वाजतात. तरीही, मित्रांनो, माझ्या आतले तापमान दोन ते आठ अंशांच्या मध्येच राहते. माझी लायकी एवढ्यावरच ठरावी.

कारखान्यातून मी मुंबईतल्या एका खोलीत गेलो. तिथल्या मालकाने नवा फ्रीज घेतला आणि मला टेम्पोत घालून पोलादपूरच्या डोंगरवाडीत, भावाकडे, म्हणजे मुरारीकडे धाडले. पहिल्या उन्हाळ्यात अख्खी वाडी माझे गार पाणी पिऊन मला वाखाणत होती. पुढे कौतुक ओसरले. मासळी आणि कालची आमटी सांभाळत मी कोपऱ्यात उभा राहिलो.

मग मुरारीची मुलगी श्रुतिका नववीत असताना तिला एका डोळ्याने धूसर दिसू लागले, एक पाय बधिर झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी निदान केले: मल्टिपल स्क्लेरोसिस. यात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवरचे आवरण कुरतडते. हा आजार मुलांनाही होतो. इंजेक्शनांनी तो बरा होत नाही, पण नवे झटके कमी होतात. ती इंजेक्शने माझ्या मधल्या कप्प्यात आली.

मुरारीची बहीण जानकीबाई मात्र अडून बसली. "सुया टोचून पोरीची चाळण केलीस. हैबतीला बघू दे एकदा. बाहेरचं हाय कायतरी." मुरारी डगमगला. हैबती देवरुष्याचा गुण आला तर सुया बंद, असे ठरले.

हैबतीने श्रुतिकेला घोंगडीखाली बसवून निखाऱ्यांची धुरी दिली. थोड्याच वेळात तिची नजर धूसर झाली, पाय लटपटला.

"बघ मुरारी, निघतंय बाहेर!" हैबती ओरडला.

"बाबा, फ्रीज उघडा," श्रुतिका म्हणाली. मानेला माझ्यातल्या गार बाटल्या, तोंडावर ओला पंचा. हळूहळू तिला भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचता येऊ लागल्या.

"उतरलं! धुरीचा गुण," हैबती म्हणाला.

"मग उद्या नुसती चुलीपुढं बसते. धुरी नाय, मंत्र नाय, तुम्हीपण नाय."

"वकिलीण झालीस काय गो?" जानकीबाई कडाडली.

दुसऱ्या दिवशी नुसत्या चुलीपुढे तेच झाले आणि गार पाण्याने तसेच ओसरले. इजा झालेल्या मज्जातंतूंतून जाणारे संदेश उष्णतेने मंदावतात. अंग निवले की पुन्हा पहिल्यासारखे धावतात.

"आत्ये, तुझं भूत चुलीवर येतं नि बाटलीनं जातं होय?"

मुरारी उठला आणि त्याने मधल्या कप्प्यातून इंजेक्शन काढले. या प्रयोगाबद्दल डॉक्टर श्रुतिकेवर रागावले. तेव्हा तुम्ही तो करू नका. तिने केला, तेवढा पुरे.

यंदा खंडेनवमीला जानकीबाई माझ्यासाठी झेंडूचा हार घेऊन आली. श्रुतिका म्हणाली, "हार राहू दे, आत्ये. आधी त्याचं रबर बदला."

मित्रांनो, तिचे बरोबर आहे. मला हार नको आणि तिला 'बिचारी' नको. माझे दार घट्ट लावा, तिला वर्गात पंख्याखालचे बाक द्या. बिघाड आम्हा दोघांतही आहे, आणि आम्ही दोघेही चालू आहोत.