दातांच्या डॉक्टरकडे

आमचे आजोबा गेल्या गुरुवारी हंगेरीचे नागरिक झाले.

नाही, झाले नाहीत. गुरुवारी ते दातांच्या डॉक्टरकडे गेले होते.

आमच्या स्लोव्हाकियात आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की इथलं जातं. म्हणजे आजोबा ज्या घरात जन्मले, त्याच घरात, त्याच चुलीपुढे एकदम परके. म्हणून आमच्या गावातलं कोणीही हंगेरीचं नागरिक होत नाही. सगळे डॅन्यूब नदीपलीकडे, हंगेरीत, दात दाखवायला जातात. आजोबांच्या तोंडात एकही दात नाही, पण इतकं बारकाईनं कोण बघतंय?

गाडी मी चालवली. पलीकडच्या नगरपालिकेच्या सभागृहात शिरलो, तर पहिल्याच रांगेत आमची टपालवाली वालेरियाकाकू, आणि तिच्या शेजारी चर्चमधला ऑर्गनवाला.

"काय वेंडेलकाका, दात?" काकूनं विचारलं.

"दाढ," आजोबा म्हणाले. "तुझं गं?"

"कवळी सैल झालीय."

"मी तुला पाहिलं नाही हं."

"मी तरी कुठं आलेय?"

मग न आलेल्या सगळ्या माणसांनी उभं राहून शपथ घेतली. राष्ट्रगीत लागलं तेव्हा ऑर्गनवाला सवयीनं हवेतच बोटं चालवत होता.

आजोबांना पेन्शन नको होती, पासपोर्ट नको होता. त्यांना फक्त त्यांच्या थोरल्या बहिणीचं, एटेल्काआजीचं, तोंड बंद करायचं होतं. सत्तेचाळीस साली इकडच्या कितीतरी हंगेरियन घरांना सामानासकट आगगाडीत घालून पलीकडे धाडलं. त्यात आजीचं सासर गेलं, आणि नुकतंच लग्न झालेली आजीही. पुढं तिनं नवऱ्याच्या मागे लागून नदीकाठीच घर घेतलं. छप्पर गळत होतं, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमचं धुराडं दिसत होतं.

आजोबा भेटायला गेले की ती दारातूनच ओरडायची, "आला गं बाई परदेशी पाहुणा! पाय पूस रे, परदेशातला चिखल आणलायस!"

साठ वर्षं हा एकच विनोद. आजोबाही साठ वर्षं न चुकता चिडले. इकडच्या हंगेरियनांना घर न सोडता तिकडचं नागरिकत्व देणारा नवा कायदा लागू व्हायला दोन महिने होते, तेव्हा ती गेली. उत्तर ऐकायला थांबायची सवय तिला नव्हतीच.

तर शपथेनंतर आम्ही दफनभूमीत गेलो. आजोबांनी चष्मा लावला, प्रमाणपत्र उघडलं आणि आजीच्या थडग्यावरच्या दगडाला पहिल्या ओळीपासून नोंदणी क्रमांकापर्यंत सगळं वाचून दाखवलं. शिक्कासुद्धा बोटानं दाखवला.

"बोल आता," ते म्हणाले. "म्हण परदेशी."

आम्ही थांबलो. तिथून नदीपलीकडचं आमचं धुराडं दिसतं. आम्ही दोघंही इकडं असल्यामुळे त्यातून धूर येत नव्हता.

"एकदाच म्हण," आजोबा म्हणाले. "चिडणार नाही."

परतताना पुलावर मी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"उशीर झाला म्हणाले."

घरी आल्यावर प्रमाणपत्र खसखशीच्या डब्यात गेलं. आजोबांनी चूल पेटवली. दिवस उन्हाळ्याचे होते, तरीही पेटवली. मग मला कागद-पेन घेऊन बसवलं आणि सांगितलं, तसंच्या तसं लिही.

"प्रति,
नद्या व सीमा यांचा कारभार जो कोणता विभाग पाहत असेल तो.

विषय : डॅन्यूब नदी हलवण्याबाबत.

महोदय,

सदर नदी आमच्या गावाच्या दक्षिणेकडून वाहते. ती कृपया दीड किलोमीटर उत्तरेस, म्हणजे आमच्या कोबीच्या वाफ्यांपलीकडे नेण्यात यावी, आणि हा बदल सन १९४७ पासूनच अमलात आहे असे समजण्यात यावे. घर क्रमांक ४१ चे धुराडे आहे त्याच जागी ठेवावे. अर्जदाराचे नाव कळवता येत नाही, कारण तो त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे होता."