प्रभूच्या मेजाची भीती

महिन्याचा पहिला रविवार जवळ आला की पुष्पांजलीला धास्ती वाटायची. त्या दिवशी डोणगावच्या त्यांच्या लहानशा चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाच्या आठवणीत मेजावरची भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, असायचं आणि ते चुकवायला ती काहीतरी कारण काढायची. कधी डोकं धरायचं, कधी पिंपळगाव राजाला माहेरी जाणं निघायचं.

खरं कारण तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पहिल्या खेपेला दिवस भरत आले असताना तिचं सासूशी, आशाबाईंशी, कडाक्याचं भांडण झालं होतं. तो राग मनात तसाच ठेवून तिने मेजावरचा भाकरीचा तुकडा खाल्ला, द्राक्षरस प्याली. त्याच आठवड्यात पोटातलं बाळ गेलं. पुढे एका उपदेशात तिच्या कानावर पडलं, की जो अयोग्य रीतीने हे भोजन घेतो, तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. तिच्या अंगावर काटा आला. आपल्या त्या घासानेच बाळ नेलं, हे तिच्या मनात पक्कं बसलं.

मग तिने योग्य व्हायचं ठरवलं. शुक्रवारचा उपास धरला. आशाबाईंचे पाय धरून माफी मागितली. दर शनिवारी चर्चची फरशी पुसू लागली. पण पुसताना कोणी आपल्याला बघावं असं मनात येऊन जाई आणि तेवढ्यानेच तिला धडकी भरे. आतून साफ झाल्यासारखं कधी वाटेचना.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते. सातवा लागला होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नवरा भागवत पुढे निघून गेला. आशाबाई मात्र तिच्या उशाशी येऊन बसल्या.

"डोकं नाही दुखून राह्यलं तुहं. काऊन भेतं इतकी?"

पुष्पांजलीचा बांध फुटला. रडत रडत तिने सगळं सांगितलं. आशाबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले.

"पुष्पे, त्या दिवशी मीही खाल्लं होतं," त्या म्हणाल्या. "तुह्यावरचा राग घेऊनच. मले काऊन काही झालं नाही मंग?"

हे पुष्पांजलीला कधी सुचलंच नव्हतं.

"ऊठ. पाळकसाहेबाले विचारू."

चर्चचे धर्मगुरू, पाळक जानराव, दारातच भेटले. तिचं सगळं ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. तो उपदेश त्यांचाच होता.

"मी अर्धंच सांगितलं, बाई," ते म्हणाले. "जुन्या काळी जे लोक गरिबाला उपाशी ठेवून, आपलीच पोटं भरून मेजाला खेळ समजत होते, त्यांना तो इशारा होता. थरथरत येणाऱ्याला नव्हता. तुझ्या बाळाचा जीव देवानं दंड म्हणून घेतला नाही. सगळ्यांचा दंड त्यानं स्वतःच्या लेकावर, ख्रिस्तावर घातला. आता तुझ्याकडून काय घेणार?"

"पण मी अजून चांगली नाही झाली."

"चांगलं होऊन यायचं असतं, तर ख्रिस्तानं मरायचं कारणच काय होतं? त्याचं चांगुलपण तुला फुकट मिळालंय. हात पुढं कर फक्त."

आत मेजापाशी जाऊन तिने हात पुढे केला. तुकडा पडू नये म्हणून आशाबाईंनी खालून आपला हात धरला. घास गिळताना तिला मरणाची भीती वाटली. तरी तिने गिळला.

मंगळवारी दुपारी अंगावरून रक्त जाऊ लागलं.

भागवतने ऑटो आणला. मेहकरच्या दवाखान्याच्या रस्त्यावर प्रत्येक गचक्याला तिचा जीव जात होता. खाल्लं म्हणून झालं, खाल्लं म्हणून झालं, एवढंच डोक्यात घुमत होतं. सवयीने ओठ हलले, "प्रभू, मी सात शुक्रवार उपास..." आणि ती थांबली. पोटावर हात ठेवून पुटपुटली, "माह्यापाशी द्याले काहीच नाही, प्रभू. तूच आहे." भीती तिथेच होती. पण आता पुष्पांजली देवापासून पळत नव्हती, त्याच्याकडेच बघत होती.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. मग म्हणाल्या, "ठोके आहेत. पण आता खाटेवरून उठायचं नाही."

पुढच्या महिन्यात जानराव प्रभुभोजन घरी घेऊन आले. पुष्पांजलीने उपास धरला नव्हता, केसही विंचरले नव्हते, आणि सकाळीच ती भागवतवर विनाकारण खेकसली होती. तिने त्याची माफी मागितली, मग पडल्या पडल्या हात पुढे केला. भीती होतीच, पण तिने कारण काढलं नाही.

मुलगी दिवस पुरे व्हायच्या आधीच झाली. नखाएवढी, पण खणखणीत रडणारी.