नाकाने दाबायची कळ

मुलांनो, पुढे कधीतरी निघेल असा एक टॅब डोळ्यांसमोर आणा बरं. कागदासारखा पातळ? घडी घालून खिशात मावणारा? दहा वर्षांच्या सैकलनेही तसाच काढला होता. उद्याचा टॅब कसा असावा, याचं चित्र बाईंना हवं होतं. सुट्टीपुरता एक खरा टॅबही शाळेने दिला होता.

डोंगरावरच्या कुरणात, नमद्याच्या म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या तंबूपुढे बसून ती रंग भरत होती. थोरला भाऊ कुबात डोकावला.

"नुसती काच. धरायचं कुठं? आणि घोडींची धार काढतो का गं हा?"

"काढतो. पण बडबड्यांना जवळ फिरकू देत नाही."

कुबात हसत मामाच्या तांबड्या घोड्यावर चढला. घोड्यांच्या कळपाजवळ जाताना खच्ची घोड्यावरच बसायचं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. तांबडा खच्ची नव्हता. पण शेजारच्या तंबूवाल्यांसमोर कुबातला तो मिरवायचा होता.

"दादा, आपला काळ्या बघेल."

"बघू दे. जळेल जरा."

काळ्या म्हणजे कळपाचा धनी घोडा; दुसरा नर त्याला खपायचा नाही. त्याने पाहिलं, कान मागे पाडले आणि मान जमिनीलगत ताणून तो चालून आला. त्याने तांबड्याच्या मानेत दात रुतवले. तांबडा मागच्या पायांवर उभा राहिला आणि कुबात खाली आपटला. दोन्ही घोड्यांचे खूर त्याच्या बरगड्यांवरून गेले. मग काळ्याने त्याचा दंड दातांत धरला आणि कुत्रं चिंधी झटकतं तसा झटकला. हाड मोडल्याचा आवाज तंबूपर्यंत आला.

सैकल घोडे धरायची लांब काठी घेऊन धावली. तिने काळ्याच्या नाकाडावर घाव घातला, मग डोळ्यावर, मग पुन्हा नाकाडावर. त्याचं नाक फुटलं तेव्हा कुठे त्याने दंड सोडला आणि तो पुन्हा तांबड्याच्या मागे लागला.

तिने कुबातला ओढत तंबूपाशी आणलं. दंडातून रक्त उसळत होतं. डोक्याचा रुमाल जखमेच्या वर आवळून, त्यात चाबकाचा दांडा घालून तिने पीळ दिला. दांडा सोडला की रक्त पुन्हा यायचं, म्हणून एक हात तिथेच अडकला.

जीप खालच्या कुरणात होती, बाबा तिथेच होते. तिने टॅब ओढला. बाबांच्या नावावर बोट ठेवलं, काही होईना. बोट रक्ताने बरबटलेलं, काचही. तिने ती झग्याला पुसली, पण झगाही रक्ताने भिजला होता.

"सैकल, झोप येतेय."

"झोप खुशाल. मामाला सांगते, त्याचा घोडा कुणी नेला ते."

जवळ कोरडी वस्तू एकच होती. तिने आपलं चित्र चुरगाळलं आणि काच लखलखीत पुसली. मग वाकून बाबांच्या नावावर नाक टेकवलं.

"काय गं?" बाबांचा आवाज आला.

जीप येईपर्यंत तिने दांडा सोडला नाही.

संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला: कुबात जगेल, हातही राहील. सैकलने नवा कागद घेतला. तिच्या नखांत अजून रक्त होतं. आधी तिने टॅबला धरायला नमद्याची जाड कड काढली. मग मधोमध हाक मारायची एकच कळ. कागद जमिनीवर ठेवून, दोन्ही हात पाठीमागे बांधून ती वाकली आणि तिने कळेवर नाक टेकवून पाहिलं. नाक जरासं बाहेर जात होतं.

तिने कळ खोडली आणि दुप्पट मोठी काढली.